नाका धरलेला माणूस

१

वाळवंटात एकट्याने गाडी घालू नये, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या मोटरसायकलींच्या क्लबात नव्याने येणाऱ्यांना इतकी वर्षं मीच ते शिकवत आलेय. पण बरोबर यायला आता उरलंय कोण? निम्म्यांचे गुडघे गेले, आणि उरलेल्या निम्म्यांशी माझं बोलणं गेलं.

तर त्या शनिवारी सकाळी कोरड्या तळ्याच्या काठावर मी ट्रकमधून गाडी खाली घेतली. आमचा जुना रस्ता तिथूनच सुरू होतो. चाकांतली हवा थोडी सोडली, साखळी बोटाने दाबून पाहिली, पाठीवरची पाण्याची पिशवी गळ्यापर्यंत भरली. सोमवारपासून हे सगळं बंद होणार होतं. सरकारने ती जमीन सौर विजेला दिली होती आणि कुंपणाचे खांब काठावर येऊनही पडले होते. म्हटलं, जे काय पाहायचं ते आज.

माझ्या आधीच डेल्बर्ट तिथे येऊन बसला होता. जुन्या पिकअपमध्ये, काच खाली, नाकात ऑक्सिजनची नळी.

"एकटीच?" त्याने विचारलं.

"नाही, मागे वरात आहे. दिसत नाही का तुला?"

"जित्याची खोड," तो म्हणाला आणि खोकला.

"तुझं काय काम इथे? डॉक्टरने धुळीत फिरू नको म्हणून बजावलंय ना?"

"दुपारपर्यंत बसतो म्हटलं. तू आली नाहीस तर कुणाला तरी कळवायला नको का?"

"तू आणि थांबणार!" मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

डेल्बर्टचं आणि माझं काय आहे ते सांगते. पाच-पंचवीस गाड्या एकत्र निघाल्या की धूळ इतकी उडते, की पुढचा माणूस दिसत नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे. फाटा आला की म्होरक्याच्या लगेच मागचा जो असेल त्याने तिथे थांबायचं आणि येईल त्याला हाताने वाट दाखवायची. याला आम्ही नाका धरणं म्हणतो. सगळ्यांत शेवटी जो असतो ते शेपूट. शेपूट येऊन त्याला पुढे घालत नाही तोवर नाका धरलेल्याने हलायचं नाही. ऊन असो, वारा असो, वाळून कोळसा झाला तरी नाही. कारण तो हलला तर मागचा कुणीतरी भलत्याच घळीत शिरणार, आणि तिथून माणूस परत येतोच असं नाही.

अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्या फेरीचं शेपूट होता डेल्बर्ट. शेवटचा नाका, खाणीच्या पुढचा, माझ्या नवऱ्याने धरला होता. रॉयसने. मी तेव्हा तापाने घरी पडले होते. संध्याकाळी सगळे परतले, रॉयस आला नाही. डेल्बर्टने सांगितलं, "मी शेवटच्या नाक्यापर्यंत जाऊन आलो. तिथे कुणी नव्हतं." विमानातून शोधलं, घोड्यांवरून शोधलं. माणूस नाही, गाडी नाही, गाडीचा खिळा नाही.

आणि त्याच आठवड्यात व्हर्ना खोली रिकामी करून गेली. व्हर्ना म्हणजे हमरस्त्यावरच्या खानावळीत कॉफी वाढायची ती. गावाला एवढं पुरलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच. डेल्बर्ट शेवटच्या नाक्यावर गेलाच नाही. तो उन्हाला कंटाळून डांबरी रस्त्याने घरी गेला, आणि माझा नवरा याची वाट बघत उभा राहिला. मी हे दुकानात बोलले, चर्चच्या पायरीवर बोलले, डेल्बर्टच्या बायकोच्या तोंडावर बोलले. रॉयस मेला असेल तर मी त्याची विधवा. पळाला असेल तर मी गावाची करमणूक. मला कुणीतरी खात्रीने काय ते सांगायला हवं होतं. आणि मनातलं सांगायचं तर तो मेलेलाच असावा अशी माझी इच्छा होती.

२

तळं ओलांडून पांढऱ्या टेकड्यांच्या घळीत शिरले. वाट हाताला आठवत होती. कुठे दगड, कुठे मऊ वाळू, कुठे उभं राहून गाडी चालवायची, सगळं. साठीतही अंग विसरत नाही, एवढंच काय ते समाधान.

घळीच्या मध्यावर समोरून तीन गाड्या आल्या. आमच्यात समोरचा दिसला की आपल्या मागे जितके असतील तितकी बोटं दाखवायची. मागे कुणी नसेल तर मूठ. पहिल्याने दोन बोटं दाखवली, दुसऱ्याने एक, तिसऱ्याने मूठ. मीही मूठ दाखवली आणि पुढे गेले.

थोडं पुढे जाऊन सहज मागे वळून बघितलं. तिघे गेले नव्हते. वाट सोडून कडेला झाले होते, इंजिनं बंद करून, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

मी गाडी वळवून त्यांच्याजवळ गेले. "मूठ दाखवली ना मी? मागे कुणी नाही."

तिघांतल्या दाढीवाल्याने चष्मा कपाळावर घेतला. "असू दे मॅडम, आम्हाला घाई नाही. येऊन जाऊ दे."

"कोण येऊन जाऊ दे?"

त्याने हनुवटीने माझ्या आलेल्या वाटेकडे दाखवलं. "तुमच्यातलं नाही का? मग दुसरं कुणी असेल. येतंय बघा हळूहळू."

मी पाहिलं. घळीत माझीच धूळ लोंबत होती. बाकी काही नाही.

"वारा पडलाय, म्हणून धूळ बसत नाहीये," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला. पण त्याचा हात किल्लीकडे गेला नाही. त्याच्या जोडीदाराने हसू दाबलं. म्हातारीला कमी दिसतं, असं काहीतरी त्याच्या मनात असणार. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी तोही दिला नाही, गाडी वळवली आणि निघाले. बऱ्याच अंतरावरून मागे पाहिलं. ते तिघे अजून तसेच कडेला उभे होते.

३

खाणीच्या फाट्यावर थांबून मी इंजिन बंद केलं. मागे कुठेतरी दुसरं इंजिन चालू होतं, तेही थांबलं. जरासं उशिरा.

प्रतिध्वनी, मी स्वतःला सांगितलं. तिन्ही बाजूंनी कडे आहेत, दुसरं काय होणार. पुन्हा इंजिन चालू करून बंद केलं. पुन्हा तेच. फक्त माझ्या गाडीचा आवाज जाड आहे, ढोलासारखा. मागचा बारीक होता, पत्र्याच्या डब्यात खडे वाजवावेत तसा. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा. तशा गाड्या आता कुणी चालवत नाही. कड्यावर आपटून आवाज बारीक होत असेल, असंही मी स्वतःला सांगितलं. बुद्धी अशा वेळी वकिलासारखी वागते, हातात असेल तो पुरावा फिरवत बसते.

शेवटच्या नाक्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. तिथे एक जोशुआचं झाड आहे, अर्धं वाळलेलं. उजवीकडची वाट परतीची, डावीकडची वर जुन्या झोपडीकडे जाते. रॉयसने इथे उभं राहून उजवीकडे हात दाखवायचा होता. मी त्या झाडाखाली किती वेळा आले असेन, गणती नाही. आधी शोधायला, मग रडायला, मग नुसतीच. पुढे यायची बंद झाले.

"आलेय मी," मी मोठ्याने म्हटलं. "शेवटची. सोमवारी कुंपण घालतायत. काय सांगायचं असेल ते आज सांग, नाहीतर बस इथेच."

आणि वास आला.

एरंडेलाचा. रॉयस पेट्रोलात एरंडेल तेल मिसळायचा. बाकीचे स्वस्तातलं डब्यातलं तेल वापरायचे, याला जुन्या शर्यतवाल्यांची ती खोड होती. जळलेल्या एरंडेलाचा गोडूस वास त्याच्या शर्टांना, उशीला, केसांना असायचा. मी नाक मुरडायची. तो गेल्यावर त्याची उशी मी वर्षभर धुतली नव्हती.

आता तो वास घळीतून वर येत होता, आणि वारा तर नव्हताच.

माझ्या मनात काय आलं ते सांगते, मग मला काय म्हणायचं ते म्हणा. मनात आलं, मेलाय. देवा, मेलाय. इथेच आहे, कुठे गेला नाही, नाका सोडला नाही. मी हसत होते. अकरा वर्षांत इतका आनंद मला कशाचा झाला नव्हता. आनंद झाला म्हणून भीती गेली असं मात्र नाही. आवाज पुन्हा सुरू झाला, बारीक, खडखडता, जवळ. मी गाडीला लाथ मारली आणि विचार न करता डावीकडे वळले. झोपडीकडे.

४

झोपडी म्हणजे कुणा खाणवाल्याने फळ्या आणि पत्रे ठोकून उभी केलेली एक खोली. तिला कुलूप नाही. येणारा वापरतो, झाडतो आणि जाताना मागच्यासाठी काहीतरी ठेवून जातो. दाराशी एक खांब आहे आणि त्याला दोरीवर झेंडा. आत माणूस असेल तर झेंडा वर. वर झेंडा दिसला की बाकीच्यांनी लांबच थांबायचं, आत डोकवायचं नाही. झेंडा खाली असेल तर जागा मोकळी, खुशाल या.

गाडी मी मागच्या बाजूला सावलीत लावली, झेंडा वर चढवला आणि आत जाऊन कडी घातली. झेंड्याचं माझ्या लक्षातही आलं नाही. दारात चपला काढाव्यात तसं हाताने ते आपोआप केलं.

आत उंदरांचा आणि जुन्या राखेचा वास. एक बाकडं, लोखंडी शेगडी, फळीवर घेवड्याचे आणि पीचचे डबे. पुढे एक खिडकी, मागे एक. पुढच्या खिडकीची काच धुळीने चहाच्या रंगाची झाली होती. मी बाकड्यावर बसून पाणी प्यायले. पत्रे उन्हाने टकटक वाजत होते.

मग ती गाडी वर आली. चढावर तिचा गिअर खाली पडला तो मी ऐकला. सपाटीला आल्यावर थांबायच्या आधी तिने दोनदा घुर्र केलं. रॉयस तसंच करायचा, दारात आल्याची वर्दी म्हणून. मी आतून ओरडायची, कळलं, कळलं, गाव जागं करू नकोस.

इंजिन थांबलं. तापलेलं लोखंड निवताना टिक, टिक असं वाजतं, तेवढं ऐकू येत राहिलं. पावलं वाजली नाहीत. दार हललं नाही.

"रॉयस?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

शेगडीच्या नळकांड्यात काहीतरी फुसफुसलं, कुणी नाकातल्या नाकात हसावं तसं. नळकांड्यात वारा शिरला की तसं होतं. वारा नव्हता हे खरं, पण त्या क्षणी मी ते मोजायला बसले नाही.

तो आत का येत नाही, ते बराच वेळ माझ्या डोक्यात येईना. मग आलं. झेंडा वर होता. नियम म्हणजे नियम. हा बाबा मेल्यावरही दुसऱ्याच्या झोपडीत शिरणार नव्हता. त्याच्या या सरळपणावर भाळून मी लग्न केलं होतं, आणि या सरळपणासाठीच अकरा वर्षं गावाशी भांडले होते.

मला भीती वाटत होती. पण ज्याची इतकी वाट बघितली तो दारात आणि मी कडी घालून दडलेली, याचीही लाज वाटली. एकदा बघायचं होतं. एकदा बघून घेतलं असतं की झालं, मग गाव गेलं खड्ड्यात.

मी कडी काढून दार वीतभर उघडलं, बाहेर न बघता फटीतून हात घातला आणि दोरी सोडली. कप्पी कुरकुरली. झेंडा खाली आला.

५

इंजिनाला लाथ बसली. गाडी सावकाश दाराच्या दिशेने निघाली, पुढच्या खिडकीसमोरून.

पांढरं हेल्मेट, त्यावर क्लबचा सोललेला बिल्ला. डावा खांदा खाली, हाड मोडल्यापासून असायचा तसा. चहाच्या रंगाच्या काचेतूनही मी तो खांदा ओळखला. हाक मारायला तोंड उघडलं.

मग त्याच्या कमरेकडे माझं लक्ष गेलं.

आमच्या या गाड्यांवर मागे माणूस बसत नाही. तेवढी जागाच नसते, मागच्याला पाय ठेवायला काही नसतं. तरी त्याच्या कमरेभोवती दोन हात होते. पिवळ्या बाह्या, त्यांना पांढरी किनार. हमरस्त्यावरच्या खानावळीत ज्याने म्हणून एकदा कॉफी घेतली असेल, त्याने त्या बाह्या पाहिल्या असतील. बोटं एकमेकांत अडकवून त्याच्या पोटावर ठेवलेली होती, अगदी निवांत. सवयीने.

त्या हातांच्या पुढे काय होतं ते मी पाहिलं नाही. खिडकी संपली. एक पाऊल पुढे सरकले असते तर दिसलं असतं. मी सरकले नाही.

मेला होता. माझं खरं होतं. आणि पळालाही होता, गावाचंही खरं होतं. मी दोन्हींतलं एक मागितलं होतं, माझ्या पदरात दोन्ही पडली.

गाडी दाराशी थांबली. पायरीवर बूट वाजले. त्यांच्या मागे आणखी एक पाऊल वाजलं, हलकं. दार हलायला लागलं. बोलावलं तर मीच होतं.

मी मागच्या खिडकीतून बाहेर पडले. ढोपर खरचटलं, हातमोजा तिथेच अडकून राहिला. भीती होतीच, पण त्याहून राग होता, आणि रागाने हात नीट चालतात. गाडी पहिल्या लाथेत सुरू झाली. नाक्यावरच्या झाडापाशी मी वेग कमी केला नाही. सगळी वाट माझ्या मागे तो वास होता. तळं दिसलं तेव्हा कुठे तो तुटला.

६

डेल्बर्ट खरंच थांबला होता. मला बघून पिकअपमधून उतरायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पुन्हा बसला.

"आलीस," तो म्हणाला.

मी हेल्मेट काढलं आणि गाडी ट्रकवर बांधायचे पट्टे शोधायला लागले.

"नॅडीन, मी गेलो नव्हतो."

"कुठे?"

"शेवटच्या नाक्यावर. खाणीच्या फाट्यावरूनच वळलो आणि डांबरीने घरी गेलो. उन्हाने डोकं उठलं होतं. म्हटलं, रॉयस जुना गडी आहे, कंटाळला की येईल आपला आपण." त्याला दम लागला. नळीतून सूं सूं होत राहिलं. "शोधायला आलेल्यांना सांगितलं, तिथे कुणी नव्हतं. मग त्यांनी सगळा जोर हमरस्त्याच्या बाजूला लावला. व्हर्नाची आवई मी उठवली नाही. पण उठली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. सकाळीच सांगणार होतो. धीर झाला नाही."

अकरा वर्षं मी हे ऐकायची तालीम केली होती. भांडी घासताना, गाडी चालवताना. त्या तालमीत मी कधी त्याच्या कानाखाली काढायची, कधी थुंकून निघून जायची. आता तो खरोखर बोलला आणि मी पट्टे शोधत राहिले.

एक वाक्य माझ्यापाशी होतं. डेल्बर्ट, तू गेला असतास तरी तिथे कुणी नसतं, तुझी थाप खरीच होती. एवढं म्हटलं असतं तर तो माणूस त्या रात्री झोपला असता. आणि उद्या गावाने मला विचारलं असतं, मग नॅडीन, इतकी वर्षं कुणासाठी कपाळ फोडून घेत होतीस?

"तो उभा असेल का गं?" डेल्बर्टने विचारलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी नळीवर ओघळत होतं. "माझी वाट बघत?"

"उभा होता," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी गाडी ट्रकवर चढवली, पट्टे आवळले. पाठीवरची पिशवी रिकामी झाली होती. पाणी आहे का विचारलं, तर त्याने डोकं वर न करता बाटली पुढे केली. थंड होती. मी सगळी संपवली.

त्याने पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर कबूल केलं. जानेवारीत गेला. त्याला पोचवायला क्लबातले जेमतेम चार जण आले. त्याची बायको माझ्याजवळून गेली, तिने मान वर केली नाही. गावातले लोक मात्र येऊन माझे हात हातात घेतात. तुझंच खरं होतं, म्हणतात. मी हो म्हणते.

तळ्याच्या काठावर, कुंपणाबाहेर, क्लबाने आता लोखंडी पाटी उभी केलीय. रॉयसचं नाव आणि खाली लिहिलंय, याने नाका सोडला नाही. दर ऑक्टोबरात मला तिथे मानाने नेतात, पाटीशेजारी उभं करतात. सगळे हेल्मेट काढतात. मीही काढते. न काढून करते काय?